ओपन सोर्सची कार्यशाळा: मेंटेनरचा पहिला शेरा वाचता येईपर्यंत

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परळच्या तुमच्या कॉलेजात ओपन सोर्स (कुणालाही वाचता, सुधारता येणारा खुला कोड) वेब डेव्हलपमेंटवर दोन वर्षांत दोन मोठे कार्यक्रम झाले. सभागृह भरलं, बाहेरचे वक्ते आले, मुलांनी सर्टिफिकेटं घेतली. वर्षअखेरीला तुम्ही चौकशी केलीत, तर एकाही विद्यार्थ्याने कुठल्याच प्रकल्पात काही केलेलं नव्हतं. यंदा हातात एक दिवस आहे आणि खर्च बेताचा आहे. व्याख्यान ठेवावं की कार्यशाळा, कुणाला बोलवावं, नेमकं काय शिकवावं?

मी वीसेक वर्षं वेबसाइट्स बांधतेय आणि त्यातली निम्मी वर्षं मुंबई-ठाण्यातल्या कॉलेजांत अशा कार्यशाळा घेतेय. माझं मत सरळ आहे. व्याख्यान चाळीस मिनिटांत आटपा, उरलेला दिवस कार्यशाळेला द्या. मुलं दीडशे नकोत, चोवीस घ्या. आणि उद्दिष्ट एकच ठेवा: प्रत्येक जोडीने एका खऱ्या प्रकल्पाकडे एक लहानशी, खरीखुरी दुरुस्ती पाठवायची आणि तिची पूर्ण फेरी बघायची. चूक सापडणं, ती नीट लिहिणं, दुरुस्ती, पुल रिक्वेस्ट ("ही दुरुस्ती घ्या" अशी विनंती), मेंटेनरचा म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा शेरा, शेऱ्याप्रमाणे बदल, आणि मग स्वीकार किंवा नकार. आपल्याकडच्या बहुतेक कार्यशाळा पुल रिक्वेस्टच्या बटणापाशी संपतात. मुलं गळतात ती नेमकी त्याच्या पुढच्या टप्प्यावर.

हे मला एका मुलामुळे उमजलं. अंबरनाथहून यायचा, हुशार होता. कार्यशाळेनंतर आठवडाभर खपून त्याने एका जावास्क्रिप्ट लायब्ररीतली तारखेची चूक दुरुस्त केली आणि पाठवली. तीन दिवसांनी मेंटेनरचा एका ओळीचा शेरा आला: यासाठी एक टेस्ट (दुरुस्ती चालते का ते तपासणारा छोटा कोड) जोडता येईल का? त्याने आपली पुल रिक्वेस्ट स्वतःच बंद करून टाकली. महिन्याभराने भेटला तेव्हा म्हणाला, "त्यांना आवडलं नाही ना, ताई." त्या शेऱ्याचा अर्थ खरं तर असा होता की काम चांगलं आहे, एवढं केलंस की घेतो. पण तपासलेल्या जर्नलवर लाल पेनाची खूण म्हणजे चूक, हे त्याच्या अंगात मुरलेलं. इंग्रजीतली तुटक ओळ त्याला नकारासारखी वाटली. त्याला गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) शिकवणारी मी होते, शेरा वाचायला मात्र मी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या कार्यशाळेत शेऱ्यांना सव्वा तास असतो.

दुसरी बाजूही बघा. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरला हॅक्टोबरफेस्ट भरवते. ठराविक संख्येने पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट, अशी तेव्हाची पद्धत होती. २०२० च्या ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच जगभरच्या मेंटेनरांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला. रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, एखादं विशेषण घुसडायचं, शीर्षकात एक शब्द वाढवायचा, असल्या. शिकवण्याच्या व्हिडिओत दाखवलेला नमुना कित्येकांनी जसाच्या तसा उचलला होता. आयोजकांना महिना संपायच्या आतच नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून भाग घेतलाय त्यांच्याच पुल रिक्वेस्ट मोजल्या जाऊ लागल्या. तुम्ही दीडशे मुलांना एका दुपारी "प्रत्येकाने एक पुल रिक्वेस्ट करा" म्हणालात, तर हेच लहान प्रमाणात घडेल. पलीकडे बहुधा एखादी व्यक्ती आपली नोकरी सांभाळून रात्री ते सगळं वाचत बसलेली असते. हल्ली त्यात एआयकडून लिहून घेतलेल्या पॅचची, म्हणजे दुरुस्त्यांची, भर पडली आहे. माझा नियम असा: पॅचमधली प्रत्येक ओळ शेजारच्याला मराठीत समजावून सांगता आली तरच पाठवायची.

मग प्रकल्प कुठला? निवडताना मी दोन गोष्टी बघते. गेल्या महिन्यात नवख्यांच्या पुल रिक्वेस्टना उत्तरं मिळालीत का, आणि त्या प्रकल्पात नेहमी काम करणारं कुणी त्या दिवशी खोलीत येऊ शकेल का. दुसरी अट मुंबईत पुरी होऊ शकते, आणि हा या शहराचा मोठा फायदा आहे. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे व्यवहार सांभाळणारं, आज जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर मुंबईतच जन्मलं. त्याखालचं फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली खुलं आहे, पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही त्यात येतात. फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेच्या मुंबईतल्या भेटींना गेलात तर खऱ्या प्रकल्पांवर काम करणारी माणसं समोरासमोर भेटतात. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये योगदान दिवसाची परंपरा आहे. वर्डकॅम्प या वर्डप्रेसवाल्यांच्या मेळाव्यात त्या दिवशी अनुवाद, दस्तऐवज, कोअर (मूळ कोड) अशी वेगवेगळी टेबलं असतात आणि नवखा माणूस हव्या त्या टेबलावर जाऊन बसतो. २०२६ च्या वर्डकॅम्प एशियासाठी मुंबईची निवड झाली हे तुम्हाला माहीत असेलच. ड्रुपल या तशाच खुल्या सॉफ्टवेअरची आशियातली पहिली परिषद, ड्रुपलकॉन, फेब्रुवारी २०१६ मध्ये पवईला, आयआयटी मुंबईत झाली होती. ड्रुपलवाले आपल्या परिषदांत पहिल्यांदाच येणाऱ्यांना आधी वेगळं बसवून त्यांच्या यंत्रावर सगळं चालू करून देतात आणि मगच कामाला लावतात. ही रीत मी तिथूनच उचलली.

प्रकल्प ठरला की काम शोधायचं. "नवख्यांसाठी" असं लेबल लावलेल्या इश्यूंच्या (नोंदवलेल्या चुका-कामांच्या) मागे जाऊ नका. लोकप्रिय प्रकल्पांत त्या इश्यूंवर तासाभरात वीसजण हात वर करून बसलेले असतात. आपल्या मुलांकडे एक वेगळी पुंजी आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही: त्यांना मराठी वाचता येतं. वेबवरचं बरंचसं सॉफ्टवेअर रोमन अक्षरांवरच तपासलेलं असतं. त्यात देवनागरी घातली की चुका आपणहून बाहेर पडतात, आणि त्या बघायला डोळे मराठीच लागतात.

मी सकाळची सुरुवात एकाच शब्दाने करते. ब्राउझरचं कन्सोल (कोडची ओळ लिहून लगेच उत्तर बघायची जागा) उघडायचं, "मुंबई" लिहायचं आणि लांबी विचारायची. उत्तर येतं ५. वर्गात विचारलं की कुणी ३ म्हणतं, कुणी ४. मग फळ्यावर सुटं करून दाखवते: म, उकार, अनुस्वार, ब, ई. युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबात पाच, वाचणाऱ्याच्या डोळ्याला तीन: मुं, ब, ई. आता हाच शब्द उलटा करायला सांगते. उकार आणि अनुस्वार म ला सोडून ब ला जाऊन चिकटतात आणि वर्गात हशा पिकतो. या पाच मिनिटांत मुलांना जे कळतं ते एन्कोडिंगवरच्या तासाभराच्या स्लाइड्समधून कळत नाही.

मग खऱ्या चुकांकडे वळायचं. अनेक वेब ॲप्समध्ये फोटो नसेल तर नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवतात. श्रीकांतच्या गोलात नुसता "श" येतो, कारण कोडने पहिलं एकक उचललेलं असतं. यावरचा उपाय म्हणजे वाचणाऱ्याला दिसतात तशी अक्षरं सुटी करणारा, जावास्क्रिप्टमधला इंटल सेगमेंटर. तो फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ ला आला आणि तेव्हापासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहे. पण इथेही एक खाच आहे. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. त्यामुळे जुन्या ब्राउझरात "श्री"चे दोन तुकडे पडतात आणि नव्यात पडत नाहीत. दोन वेगवेगळ्या लॅपटॉपवर दोन उत्तरं आली की मुलं आपोआप विचारू लागतात की हे का, आणि तिथून टेस्ट लिहायचं कारण त्यांना स्वतःलाच सापडतं.

नावाच्या रकान्यांचं तर काय सांगावं. "फक्त अक्षरं चालतील" असं म्हणणारा रेजेक्स (मजकूर तपासायचा साचा) ए ते झेडच्या पलीकडे जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून गमतीची चूक पुढची. एखादा जागरूक डेव्हलपर युनिकोडचा "अक्षर" वर्ग वापरतो आणि आता सगळ्या भाषा चालतील असं समजतो. "मदन" चालतं, "सुलभा" अडतं. कारण काना, मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडमध्ये "अक्षर" वर्गात नसून "चिन्ह" वर्गात आहेत. दुरुस्ती एका शब्दाची, पण ती करायला कारण समजलेलं हवं. पहिल्या पॅचसाठी याहून चांगलं काम मला अजून सापडलेलं नाही.

अनुक्रम घ्या. नेहमीच्या सॉर्टमध्ये "काळा" हा शब्द "कावळा"च्या आधी येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा व च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. मराठी याद्या दाखवणाऱ्या किती साइट्स हा क्रम पाळतात, ते मुलांनाच शोधू द्या. वेब पत्त्यांचंही तसंच. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात टक्केवारीच्या खुणांनी लिहिलं की त्याची नऊ चिन्हं होतात. वर्डप्रेसमध्ये स्लगसाठी, म्हणजे पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागासाठी, जागा २०० चिन्हांची. म्हणजे मराठी शीर्षकाची जेमतेम बावीस चिन्हं मावतात, तीही काना-मात्रा धरून, आणि पुढचं कापलं जातं. दृश्य चुका तर डोळ्यांसमोरच असतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. ओळीची उंची कमी ठेवली की बटणावरच्या वेलांट्या वरून छाटल्या जातात. पानाला भाषेची खूण मराठीची नसेल तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, फॉन्टमध्ये मराठी वळण असलं तरी. इथे मी मुलांना मुंबईच्याच एक टाइपने केलेले मुक्त, बलू हे खुल्या परवान्याचे फॉन्ट उतरवून घ्यायला सांगते, म्हणजे फॉन्ट हासुद्धा ओपन सोर्स असतो हे बोलता बोलता कळतं.

चूक सापडली की लगेच कोडला हात लावू द्यायचा नाही. आधी कागदावर, मराठीत, तीन वाक्यं लिहायची: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मग तीच वाक्यं साध्या इंग्रजीत. शेजारच्या जोडीने ती वाचून आपल्या यंत्रावर चूक घडवून दाखवायची. त्यांना जमलं नाही तर लिहिणं कमी पडलं. आणि इश्यू टाकण्याआधी जुने इश्यू शोधायचे, बंद झालेलेसुद्धा. अनेकदा चूक आधीच कुणी नोंदवलेली असते आणि त्यावर दोन वर्षांची चर्चा असते. ती चर्चा वाचणं हाही अभ्यासच आहे.

आता त्या भागाकडे येते, जिथे बहुतेक कार्यशाळा बुडतात: यंत्रं आणि वायफाय. तुमच्या लॅबमधल्या पीसींवर मुलांना काही बसवायची परवानगी नसेल, हे गृहीत धरते. मशीन बंद केलं की सगळं पुसून मूळ स्थितीला जातं, असंही बऱ्याच कॉलेजांत असतं. म्हणून शक्यतो मुलांचे लॅपटॉप वापरा, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना जोडीत बसवा. जोडी केल्याने काही बिघडत नाही, उलट प्रश्न कमी अडतात. फक्त दर अर्ध्या तासाने कीबोर्ड बदलायचा, नाहीतर एकजण टाइप करत राहतो आणि दुसरी बघत राहते. "दुसरी" म्हणाले ते जाणूनबुजून. मी हे फार वेळा पाहिलं आहे.

लॅबचेच पीसी वापरावे लागले तर गिटमधलं नाव आणि ईमेल आधी तपासा. गेल्या बॅचच्या कुणाचं तरी नाव तिथे राहिलेलं असतं आणि तुमच्या मुलांचे कमिट (नोंदवलेले बदल) त्या नावाने जातात. विंडोजमध्ये जुन्या विद्यार्थ्याचं लॉगिनही साठवलेलं असतं, त्यामुळे पुश करताना (बदल वर पाठवताना) "परवानगी नाही" येतं आणि मुलगी बिचारी स्वतःची चूक शोधत बसते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटने ऑगस्ट २०२१ पासून कोड पाठवताना खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. त्याऐवजी ओळख पटवणारं टोकन किंवा एसएसएच की लागते. जुन्या नोट्सवरून शिकवणारे इथे तास घालवतात. त्याच नोट्समध्ये मुख्य शाखेचं नाव मास्टर असतं आणि पडद्यावर दिसतं मेन, हाही एक गोंधळ. खाती उघडणं, टोकन बनवणं, दुहेरी पडताळणी, हे सगळं आठवडाभर आधी घरून करून घ्या. एकाच कॉलेजच्या नेटवरून एका तासात चोवीस नवी खाती उघडायला गेलात तर अडवणूक होण्याची शक्यता खूप.

वायफायवर भिस्त ठेवू नका. सगळ्या यंत्रांनी एकदम एनपीएमची (जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या भांडाराची) पॅकेजं उतरवायला घेतली की कॉलेजचं नेट मान टाकतं. मी एका लॅपटॉपवर व्हर्डाचो चालवते. हे छोटं ओपन सोर्स सर्व्हर एकदा उतरवलेलं पॅकेज साठवून ठेवतं आणि बाकीच्यांना खोलीतल्या खोलीत देतं. मात्र तेव्हा मुलांना पॅकेजं बसवताना लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) न बदलणारी आज्ञा, म्हणजे एनपीएम सीआय, वापरायला सांगा. नाहीतर तुमच्या लॅपटॉपचा पत्ता त्यांच्या लॉक फाइलमध्ये शिरतो आणि तसाच मेंटेनरपर्यंत पोचतो. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर), गिट आणि प्रकल्पाची प्रत चार पेनड्राइव्हवर ठेवा. वर्डप्रेसवर काम करणार असाल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड आहे. ते ब्राउझरमध्येच चालतं, यंत्रावर काही बसवावं लागत नाही, लॅबच्या पीसींना हा मोठाच दिलासा.

आणखी एक बारीक गोष्ट, पण मेंटेनर हिच्यामुळे सगळ्यात जास्त वैतागतात. मुलगा एक ओळ बदलतो आणि पुल रिक्वेस्टमध्ये चारशे ओळी बदललेल्या दिसतात. कारण एडिटरमध्ये "सेव्ह करताना फॉरमॅट करा" चालू असतं, किंवा विंडोजने ओळींच्या शेवटची चिन्हं बदललेली असतात. पाठवण्याआधी फरक स्वतः ओळीनओळ वाचायचा, आणि आपण हात न लावलेली ओळ त्यात दिसली तर थांबायचं. हे मी दिवसातून किमान पाच वेळा म्हणते.

त्या दिवशी मी मराठीत बोलते. फोर्क (प्रकल्पाची आपली प्रत), कमिट, मर्ज (मूळ कोडमध्ये मिसळणं) हे शब्द तसेच ठेवते, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द देत नाही, पण समजावणं आपल्या जगण्यातलं असावं. पुल रिक्वेस्ट सांगायला मला हाउसिंग सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त फार उपयोगी पडतं. इतिवृत्ताच्या मूळ वहीत कुणी सभासद स्वतः पेन चालवत नाही. सचिव आपल्याला त्याची प्रत देतात, आपण प्रतीवर लिहितो की तिसऱ्या ठरावात टाकीच्या दुरुस्तीची रक्कम चुकली आहे, ही बरोबर रक्कम, हा पुरावा. पुढच्या सभेत चर्चा होते, सचिव म्हणतात पुरावा अपुरा आहे, पावती आणा. आपण रागावून निघून जात नाही, पावती आणतो. मग दुरुस्ती मंजूर होते आणि वहीत आपल्या नावासकट चढते. डोंबिवली-विरारच्या इमारतींत वाढलेल्या मुलांना हे एका झटक्यात पटतं, आणि "पावती आणा" म्हणजेच "टेस्ट जोडा" हे वेगळं सांगावं लागत नाही.

शिकवताना तयार कोड दाखवू नका, समोर टाइप करा, चुकलं तर चुकू द्या, आणि चूक कशी शोधताय ते मोठ्याने बोला. सॉफ्टवेअर कार्पेंट्री या संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या उपक्रमाची एक रीत मी कायमची घेतली आहे. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या द्यायच्या. जमलं की हिरवी, अडलं की गुलाबी, लॅपटॉपच्या मागे लावायची. हात वर करायला लाजणारी मुलं चिठ्ठी मात्र लावतात, आणि खोलीकडे एकदा नजर टाकली की पुढे जायचं की थांबायचं ते कळतं. सहा ते आठ मुलांमागे एक मदतनीस हवा. गिट थोडंफार वापरलेले तुमचेच विद्यार्थी उत्तम. मदतनिसाने मुलाच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हा एकच नियम. पडद्यावरची अक्षरं मागच्या बाकावर जाऊन तपासा, पांढऱ्यावर काळी ठेवा, आणि पडद्याचा खालचा तिसरा भाग मोकळा सोडा, पुढच्यांच्या डोक्यांमुळे तो मागे दिसतच नाही.

दुपारनंतरचा सव्वा तास शेऱ्यांचा. मोठ्या प्रकल्पांतल्या जुन्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या पुल रिक्वेस्ट मी छापून आणते, स्वीकारलेल्या आणि नाकारलेल्या दोन्ही. मुलांनी शेरा मोठ्याने वाचायचा आणि सांगायचं: यात माणूस चिडलाय का, त्याला नेमकं काय हवंय, आपण काय उत्तर देऊ. "रिबेस करा" (मूळ कोड पुढे गेलाय, आपला बदल त्यावर नव्याने बसवा), "हे वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये टाका", "याची गरज काय", या तीन प्रकारांना उत्तर देता आलं की मूल बाहेरच्या जगात टिकतं.

व्याख्यानासाठी मोठं नाव शोधू नका. दीड-दोन वर्षांपूर्वी पहिला पॅच पाठवलेली, अजून ते दिवस आठवणारी एखादी मुलगी किंवा मुलगा बोलवा. विषय "ओपन सोर्सचं महत्त्व" नको. त्यांनी एकाच चुकीची गोष्ट सांगावी, सापडल्यापासून निकाल लागेपर्यंत, आणि आपली एखादी नाकारलेली पुल रिक्वेस्ट पडद्यावर उघडून दाखवावी. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे पहिल्या बाकावरच्या तिघांचाच कार्यक्रम होत नाही.

परवान्यावर वीस मिनिटं जरूर द्या. मुलांना वाटतं की गिटहबवर टाकलं म्हणजे ओपन सोर्स झालं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला जातो. परवाना जोडला नाही तर हक्क लेखकाकडेच राहतात आणि दुसऱ्याला तो कोड मोकळेपणाने वापरता येत नाही. प्रत्येकाने आपल्या जुन्या प्रोजेक्टला त्याच दिवशी परवान्याची फाइल जोडावी.

पूर्वतयारीसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांचे पाठ, त्यातले पुष्कळ मराठीतही. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ, अर्ध्यात आपलं काम, ही त्यांची पद्धत मुलांना घरी एकट्याने झेपते.

तारीख ठरवताना लोकल डोळ्यांसमोर ठेवा. परळ-प्रभादेवीमुळे मध्य आणि पश्चिम दोन्हीकडची मुलं येऊ शकतात, पण रविवारी मेगाब्लॉक असतो आणि हार्बरवरून येणाऱ्यांचे हाल होतात. शनिवार घ्या. साडेदहाला सुरू करा आणि साडेचारला खरोखर संपवा. कर्जत, विरारच्या मुलींना घरून परवानगी मिळते ती या वेळेवरच. जुलैत मुलं उत्साही असतात, पण पावसाने अख्खा दिवस जाऊ शकतो. सत्र परीक्षा आणि गणपती टाळून जानेवारी मला सगळ्यात बरा वाटतो. बाहेरच्या मदतनिसांची नावं आणि लॅपटॉपचे नंबर गेटवर दोन दिवस आधी द्या. एक्स्टेंशन बोर्ड मोजून सहा आणा आणि आदल्या संध्याकाळी लावून बघा.

राहिलं ते नंतरचं, आणि तुमच्या मागच्या दोन कार्यक्रमांत हेच नव्हतं. मेंटेनरचं उत्तर यायला चार दिवस लागतात, कधी तीन आठवडे. तेव्हा मूल एकटं पडू नये. पुढचे सहा आठवडे दर गुरुवारी चार ते पाच लॅब उघडी ठेवा, मदतनिसांपैकी दोघं तिथे बसतील. शेरा आला की तो सगळ्यांनी मिळून वाचायचा. सर्टिफिकेट कार्यशाळेच्या दिवशी देऊ नका आणि ते मर्जशीही जोडू नका. मर्जशी जोडलंत तर मुलं पुन्हा रीडमीकडे धावतील. ज्याने एका तरी शेऱ्याला विचारपूर्वक उत्तर दिलं त्याला सर्टिफिकेट, मग पॅच स्वीकारला जावो वा न जावो. तीन आठवड्यांत शेराच आला नाही, तर गुरुवारी मदतनिसाने लिहिलेल्या शेऱ्याला दिलेलं उत्तर धरा. विभागप्रमुखांना आकडा लागेल, तर हाच आकडा द्या. चोवीसपैकी अकरा-बारा जणांनी उत्तर दिलं तर मी ते भरघोस यश मानेन.

तो अंबरनाथचा मुलगा पुढच्या वर्षी माझ्याकडे मदतनीस म्हणून आला. जुनी पुल रिक्वेस्ट त्याने पुन्हा उघडली, टेस्ट जोडली, आणि ती स्वीकारली गेली. व्याख्यानासाठी मी त्याला विचारू शकते. तुम्ही एवढंच करा: उद्या लॅबमधल्या कुठल्याही एका पीसीवर गिट चालतंय का, आणि त्यात कुणाचं नाव आहे, ते बघून मला कळवा. त्यावरून लॅपटॉप किती लागतील ते ठरवू.